तुर्कीचे प्रत्यय पाठ आहेत, पण तोंडात येत नाहीत

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणारी वाचक २६ वर्षांची, मूळ सातारा जिल्ह्यातली. तुर्की सरकारच्या शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर शिक्षणासाठी इस्तंबूलला गेली आहे. मुख्य अभ्यासक्रमाआधी वर्षभर तुर्की भाषेचा वर्ग असतो आणि वर्षअखेर ठरलेली पातळी गाठावी लागते. नामाच्या विभक्ती, क्रियापदाचे प्रत्यय आणि स्वरांचा मेळ यांचे तक्ते तिने भिंतीवर लावले, पाठही केले. भूतकाळ दोन का, असंही ती विचारते आणि एक लांब वाक्य चार वेळा लिहून खोडल्याचं सांगते. पण दुकानात तोंड उघडायची वेळ आली की वाक्य जुळेपर्यंत मागचं गिऱ्हाईक पुढे येतं. वर्गातली अझरबैजान आणि उझबेकिस्तानची मुलं मात्र भराभर बोलू लागली आहेत. ती लिहिते, 'मला भाषेचं अंगच नाही. इतके प्रत्यय आपल्याकडे नसतातच. घरच्यांनाही अजून सांगितलेलं नाही. आधी सगळं व्याकरण पक्कं करून मगच बोलावं, की हे सोडून परत यावं?'

नमस्कार.

तुमच्या पत्रातला 'घरच्यांनाही' हा शब्द बघा. घर, मग च्या, मग अनेकवचनाचा अनुस्वार, मग ना, शेवटी ही. एका नामाला चार गोष्टी ओळीने लागल्या आणि लिहिताना तुम्हाला एकीचाही विचार करावा लागला नाही. त्याच्या आदल्याच वाक्यात तुम्ही म्हणता की इतके प्रत्यय आपल्याकडे नसतातच. हे तुम्ही मराठीकडे बघून म्हटलेलं नाही, इंग्रजीकडे बघून म्हटलं आहे. मला वाटतं खरी अडचण इथेच आहे. पुस्तकातले खुलासे इंग्रजीत, फोनवरचं ॲप इंग्रजीत, त्यात तुर्कीची लिपीही १९२८ पासून लॅटिन. त्यामुळे तुम्ही प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत मांडता, त्यातले सुटे शब्द शोधता आणि मग ते उलटे करून प्रत्ययांत कोंबता. एवढ्या खटाटोपात मागचं गिऱ्हाईक पुढे येणारच.

वर्गातल्या मुलांशी तुलना तर आजच थांबवा. अझरबैजानी ही तुर्कीची अगदी जवळची भाषा आहे. आपण कोकणी शिकायला बसलो तर जेवढं सोपं जाईल, साधारण तेवढंच त्या मुलांना हे सोपं आहे. उझबेक थोडी लांबची, पण कूळ तेच, प्रत्ययांची रांगही तीच. त्यांचा वेग पाहून स्वतःचं भाषेचं अंग मापू नका.

मराठी आणि तुर्की एका कुळातल्या नाहीत, पण वाक्य बांधायची रीत बरीच सारखी आहे. क्रियापद शेवटी, विशेषण नामाआधी, प्रत्यय नामामागे, 'येऊन', 'जाऊन' अशी धातुसाधितं, 'करणे'वरून 'करवणे'. कॉलिन मसिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये यातल्या कितीतरी लकबी भारतापासून मध्य आशियापर्यंत कशा पसरल्या आहेत ते नकाशे मांडून दाखवलं होतं. शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता तुम्हाला इथे खरोखर उपयोगी पडेल. मात्र मराठी काही ठिकाणी दगाही देते. म्हणून ती कुठे वापरायची आणि कुठे बाजूला ठेवायची, हे नीट सांगते. तुर्की शब्द मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टिंब नसलेला आय, दोन टिंबांचे ओ आणि यू हे उच्चार आपल्या लिपीत बसत नाहीत, ते वर्गात कानाने पक्के करा.

'एव' म्हणजे घर. 'एवदे' घरी किंवा घरात, 'एवदेन' घरून, 'एविन' घराचा, 'एवे' म्हणजे घरी जाण्यातलं घरी. चा-ची-चे-च्या अशी लिंगवचनाची भानगड नाही, कारण तुर्कीत लिंगच नाही. 'ओ' म्हणजे तो, ती आणि ते. पंचमीचा 'हून' तर हुबेहूब जुळतो. 'सेलिमदेन उझुन' म्हणजे सेलिमहून उंच. आपल्या तृतीयेतले 'ने' आणि 'शी' हे दोन्ही तुर्कीत एकाच 'ले'मध्ये येतात : 'त्रेनले गेल्दिम' म्हणजे ट्रेनने आले, 'सेलिमले कोनुश्तुम' म्हणजे सेलिमशी बोलले. सामान्यरूपाचा जाचही जवळजवळ नाही. पुणे-पुण्याला, माणूस-माणसाला असा शब्द आतून सहसा बदलत नाही. काही शब्दांचं शेवटचं कठोर व्यंजन मात्र स्वरापुढे मऊ होतं : 'किताप'चं 'किताबी', 'हेसाप'चं 'हेसाबी', 'जेवाप'चं 'जेवाबी'. हे शब्द अरबीतून तिकडे गेले तसे आपल्याकडेही आले. किताब, हिशेब, जबाब यांच्या शेवटी आपण 'ब' म्हणतोच, म्हणून तो कुठे परत येणार हे तुम्हाला आधीच कळतं. युरोपातून आलेल्या मुलांना हा आधार नसतो.

स्वरांच्या मेळावर, म्हणजे शब्दाच्या शेवटच्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो त्या नियमावर, तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवलेला दिसतो. आठ स्वर, त्यांचे दोन गट, प्रत्येक प्रत्ययाची दोन किंवा चार रूपं. माझं मत ऐकाल तर तो तक्ता भिंतीवरून काढा. रोज कानावर पडणाऱ्या गावांच्या आणि पेठांच्या नावांतून तो मेळ बसवा : 'ताक्सिमदे', 'गालातादा', 'बेशिक्ताशता'. पहिल्यात शेवटचा स्वर 'इ' म्हणून 'दे', दुसऱ्यात 'आ' म्हणून 'दा', तिसऱ्यात शेवटी कठोर 'श' म्हणून 'दा'चा 'ता'. नवा शब्द आला की तो या तिघांपैकी कोणासारखा वाटतो ते बघा. ही कठोर व्यंजनं लक्षात ठेवायला तिथल्या शाळांत 'फिस्तिक्ची शाहाप' म्हणजे पिस्तेवाला शाहाप असं नाव शिकवतात. त्यात ती आठही व्यंजनं आहेत. थोडे अपवाद आहेत, जसं 'साआत' म्हणजे तास किंवा घड्याळ, त्याचं 'साआत्ता' न होता 'साआत्ते' होतं. पण 'दा'च्या जागी 'दे' म्हणालात तर समोरच्याला तुमचं बोलणं कळतंच. 'दे'च्या जागी 'देन' म्हणालात तर मात्र तुम्ही घरी आहात की घरून निघालात, हेच बदलतं. म्हणून विभक्ती चुकू देऊ नका, मेळ थोडा चुकला तरी चालेल.

आता जिथे मराठी दगा देते त्याकडे येऊ. पहिला मान 'ला'चा. आपला 'ला' फार कामं करतो : सेलिमला पाहिलं, सेलिमला दिलं, मुंबईला गेले, मला भूक लागली. तुर्कीत ही कामं वाटली गेली आहेत. ज्याच्यावर क्रिया घडते त्या ठरावीक कर्माला 'ई' लागतो (मेळाप्रमाणे 'ऊ' वगैरे), जाण्याचं ठिकाण आणि ज्याला काही द्यायचं तो यांना 'ए' किंवा 'आ'. 'सेलिमी आरादिम' आणि 'सेलिमे तेलेफोन एत्तिम' या दोन्हींचा अर्थ सेलिमला फोन केला, पण पहिल्या क्रियापदाला 'ई' हवा, दुसऱ्याला 'ए'.

हा 'ई' केव्हा लावायचा, हे कुठल्याही नियमापेक्षा मराठी कान चांगलं सांगतो. 'मी डॉक्टर शोधतेय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतेय' यांत काय फरक आहे? पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर आहेत, ते सापडत नाहीयेत. तुर्कीत हेच 'दोक्तोर आरियोरुम' आणि 'दोक्तोरु आरियोरुम'. आपण हा भेद मुख्यतः माणसांपुरता पाळतो, निर्जीव वस्तूंना सहसा 'ला' लावत नाही. तुर्की तो वस्तूंनाही लावते. 'किताप ओकुदुम' म्हणजे पुस्तक वाचत बसले होते, 'किताबी ओकुदुम' म्हणजे ते पुस्तक वाचलं. तेव्हा वस्तूबद्दल बोलताना स्वतःला विचारा की ही वस्तू माणूस असती तर मी 'ला' लावला असता का? उत्तर बहुतेक वेळा बरोबर येईल.

काही क्रियापदांना कुठली विभक्ती लागते, हे मात्र मराठीवरून सांगता येत नाही. आपण बोटीत चढतो, ते बोटीला चढतात : 'वापुरा बिंदिम'. आपण चित्राकडे बघतो, तेही 'आ-ए'च लावतात. आपण सापाला घाबरतो, ते सापापासून : 'यिलानदान कोर्कुयोरुम'. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. 'भीत्रार्थानां भयहेतुः' हे पाणिनीचं सूत्र भीतीच्या कारणाला पंचमीच सांगतं. यावर एकच उपाय आहे, क्रियापद एकटं पाठ करू नका. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्क दिल कुरुमु या भाषा संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात क्रियापदापुढे कंसात त्याला लागणारी विभक्ती छापलेली असते. वहीत क्रियापद उतरवताना तो कंसही उतरवा आणि शेजारी स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य लिहा.

दुसरा दगा 'ने' आणि 'मला' यांचा. 'सेलिमने पुस्तक वाचलं' यातला 'ने' तुर्कीत नाही. साध्या वाक्यात कर्ता कोराच राहतो आणि क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जातं. पोळी खाल्ली, भात खाल्ला असं कर्मामागे जायचं नाही. 'मला चहा हवाय', 'मला तुर्की येतं' ही वाक्यंसुद्धा तिथे 'मी'ची होतात : 'चाय इस्तियोरुम', 'तुर्कचे बिलियोरुम'. यांच्यापुढे मराठी विद्यार्थी हटकून 'बाना' म्हणजे 'मला' जोडतात आणि वाक्य फसतं. पण 'बाना पारा लाझिम', मला पैसे लागतात, इथे 'मला' चालतं. लाझिमची वाक्यं आणि मी-ची वाक्यं वहीत वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

तिसरी गोष्ट रस्त्यावरच शिकता येते. आपण 'सेलिमचं घर' म्हणताना मालकालाच प्रत्यय लावतो. तुर्की दोघांनाही लावते : 'सेलिमिन एवी'. दोन नामांची जोडी असली तर पहिलं कोरं राहतं, पण दुसऱ्याचा प्रत्यय सुटत नाही. ताक्सिमच्या चौकाचं नाव 'ताक्सिम मेयदानी'. आपलंच मैदान, मागे 'ई' लागलेलं. गालाताचा बुरुज 'गालाता कुलेसी', 'कुले'च्या मागे 'सी'. यापुढे विभक्ती आली की मधे 'न' उगवतो : 'गालाता कुलेसिंदे', गालाता बुरुजात. इस्तंबूलमध्ये फिरताना पाट्या वाचत चला. हा 'ई' आणि 'सी' दर दहा पावलांवर दिसेल आणि तक्त्याशिवाय डोळ्यांत बसेल. 'एविंदे' याचा अर्थ तुझ्या घरात असाही होतो आणि त्याच्या घरात असाही. तुर्की माणसंही गरज पडली की 'सेनिन' किंवा 'ओनुन' जोडून खुलासा करतात. अशा ठिकाणी अर्थ लागला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

क्रियापदांकडे वळू. तुमच्या तक्त्यात काळांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे सहा रूपं आहेत. हे बोलताना आठवत नाही, कारण बोलताना कोणी काळाचं नाव घेऊन सुरुवात करत नाही. एकच शब्द उलगडून बघू : 'आनलातामादिम'. 'आनला' म्हणजे समज. 'त' लागला की समजाव, सांग. 'आमा' म्हणजे जमलं नाही. 'दि' भूतकाळ. 'म' मी. मला नीट सांगता आलं नाही. आपल्या वाक्यात मधे येतं ते जमणं आणि नकार, तुर्कीत शब्दाच्या पोटात येतं, एवढाच फरक. समजणे-समजावणे, शिजणे-शिजवणे ही जोडी जशी आपली, तशीच त्यांची 'आनलामाक-आनलातमाक', 'पिशमेक-पिशिरमेक'. रांग ठरलेली आहे : धातू, प्रयोजक, नकार, काळ, शेवटी माणूस. ती कधी बदलत नाही. ऐकताना शेवटापासून मागे या, आधी माणूस पकडा, मग काळ. वाचनात याने फार सुटसुटीत होतं.

नकार काळाच्या आधी येतो, ही सवय मात्र हात धरून लावावी लागते. आपण 'आले नाही' म्हणतो, ते 'गेल्मेदिम'. आणि 'गेल्मेदिम' व 'गेलेमेदिम' यांत गल्लत करू नका. पहिलं म्हणजे आले नाही. दुसरं म्हणजे यायला जमलं नाही. कोणी जेवायला बोलावलं होतं आणि तुम्ही गेला नाहीत, तर कोणतं म्हणायचं ते तुम्हीच ओळखाल.

भूतकाळ दोन का, असं तुम्ही विचारलं आहे. 'दि' स्वतः पाहिलेल्याचा, 'मिश' ऐकलेल्याचा किंवा नंतर लक्षात आलेल्याचा. आपलं 'म्हणे' आणि 'वाटतं' तेच करतं. 'सेलिम गेल्मिश' म्हणजे सेलिम आलाय म्हणे. 'उयुमुशुम' म्हणजे माझा डोळा लागला वाटतं. स्वतःच्या झोपेबद्दल 'दि' न वापरता 'मिश' का, हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. तुर्की गोष्टी 'बीर वार्मिश, बीर योक्मुश' असं म्हणून सुरू होतात. आटपाट नगरासारखीच ही सुरुवात आहे आणि तिथे 'मिश' आहे. मुलांच्या गोष्टींची पुस्तकं आणा, मोठ्याने वाचा. 'मिश' पक्कं करायला त्याहून चांगलं काही मला माहीत नाही.

'चाय इचेर मिसिनिझ?' हा प्रश्न तुम्हाला दिवसातून अनेकदा ऐकू येत असेल. 'चहा घेता का?' आपण इथे 'घेताय का' म्हणत नाही, कारण आत्ता घेत आहात का असं विचारायचं नसतं, देऊ का असं विचारायचं असतं. तुर्कीचा हा काळ आणि आपला साधा वर्तमान अशा जागी एकमेकांवर बसतात. 'मी' हे प्रश्नाचं अव्यय म्हणजे आपला 'का', वेगळा लिहिलेला. फरक एवढाच की पुरुषाचा प्रत्यय त्या 'का'ला जाऊन चिकटतो. हॉटेलात जेवण झालं की म्हणा, 'हेसाबी आलाबिलिर मियिम?' बिल घेऊ शकते का मी? 'हेसाप'चा 'ब', ठरावीक बिल म्हणून 'ई', 'आबिल' म्हणजे शकणं, 'इर' हा काळ, मग 'मी' आणि त्यामागे तुम्ही. या एका वाक्यात तुमच्या भिंतीवरचे निम्मे तक्ते आहेत.

लांब वाक्यांची भीती अजून आहे असं दिसतं. 'सेलिमिन गेल्दियिनी बिलियोरुम' हे वाक्य तुम्ही चार वेळा लिहून खोडलं, कारण 'मला माहीत आहे की' ने सुरुवात केली. तुर्कीत असा 'की' आहे, फारसीतून आलेला, आपल्यासारखाच. पण त्यांची सहज रीत तो नाही. वर्तमानपत्री मराठी आठवा : 'सेलिम आल्याचं मला माहीत आहे', 'मंत्री येणार असल्याचं त्यांनी सांगितलं'. हे 'आल्याचं' म्हणजेच 'गेल्दियिनी', फक्त तिथे सेलिमला षष्ठी लागते. तसंच 'मी वाचलेलं पुस्तक' हे 'ओकुदूम किताप', 'येणारा माणूस' हा 'गेलेन आदाम', 'जाऊन' हे 'गिदिप', 'न खाता' हे 'येमेदेन'. इंग्रजीतून आलेल्याला हे महिनोन्महिने छळतं. तुम्ही 'जो', 'की', 'जेव्हा' यांच्याशिवाय वाक्य मराठीत म्हणून पाहा, शब्दांची ओळ आपोआप तुर्कीची लागते.

आधी सगळं व्याकरण, मग बोलणं हा बेत सोडा. रोज एकच क्रियापद त्याच्या विभक्तीसह घ्या आणि त्या दिवसात ते दुकानदाराशी, खोलीतल्या मैत्रिणीशी, वापुरवर शेजारी बसलेल्या आजीशी वापरा. चूक झाली की तिथेच दुरुस्ती मागा. फोनवरचं ॲप इंग्रजीतून मराठीत बदलता येत नसेल तर ते बंद ठेवा आणि वहीत डाव्या बाजूला तुर्की वाक्य, उजव्या बाजूला त्याच क्रमाने मराठी असं लिहा. मराठी ओबडधोबड झालं तरी चालेल.

परत यायचं की नाही, हे आत्ता ठरवू नका. तपासून आलेले तुमचे निबंध बाहेर काढा आणि लाल खुणा तीन भागांत मोजा : मेळाच्या चुका, विभक्तीच्या चुका, क्रियापदाच्या रांगेच्या चुका. माझा अंदाज आहे की पहिला ढीग मोठा निघेल आणि तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. दुसरा ढीग मोठा असेल तर 'ला'चं पान आणि शब्दकोशातले कंस यांवर सहा आठवडे द्या. तिसरा मोठा असेल तर शिक्षकांना भेटून फक्त क्रियापदांचा जादा सराव मागा. त्यानंतरच्या चाचणीतही आकडे हलले नाहीत तर शिष्यवृत्तीच्या कार्यालयात मुदत वाढवून मिळते का, भाषावर्ष पुन्हा करता येतं का, याची लेखी चौकशी करा. आणि घरच्यांना आजच फोन करून सांगा की अभ्यास जड जातोय. परीक्षेचं ओझं आणि लपवण्याचं ओझं दोन्ही एकदम घेऊन नवी भाषा शिकता येत नाही.